गुण खेळाडूचे कीं यंत्राचे?

कोणत्याहि स्पर्धेंत जिंकलें कोण, हा प्रश्न लोक आधीं विचारतात. परंतु त्याच्याहि अगोदरचा एक प्रश्न असतो: प्रतिस्पर्धी खरोखर एकाच कसोटीला उतरले होते काय? कुस्तींत दोघे मल्ल एकाच आखाड्यांत उतरतात, शर्यतींत सर्वांच्या पायांखालीं एकच मैदान असतें, बुद्धिबळाच्या पटावर दोघांच्याहि पुढें चौसष्टच घरें असतात. म्हणून त्या खेळांत हा दुसरा प्रश्न बोलून दाखविण्याची वेळ सहसा येत नाहीं. अमेरिकेंत वाढलेल्या पिनबॉल नांवाच्या खेळाचें मात्र तसें नाहीं. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या इतिहासांत हाच प्रश्न पुनःपुन्हां डोकें वर काढीत आला आहे. त्याच्यापायीं एका महापौरानें यंत्रें घणानें फोडलीं, न्यायाधीशांनीं निकालपत्रें लिहिलीं, आणि एका तरुण पत्रकाराला नगरसभेच्या समितीपुढें उभें राहून आपलें कसब दाखवावें लागलें. आज दिवाणखान्यांतलीं हीं यंत्रें इंटरनेटनें एकमेकांशीं जोडलीं जात आहेत आणि शेंकडों मैलांवरचे खेळाडू आपापल्या घरांतून एकमेकांशीं सामना देऊं लागले आहेत. त्यामुळें तो जुनाच प्रश्न नव्या वेषांत पुढें आला आहे: पाटीवर लागलेले गुण खेळाडूचे कीं त्याच्या घरांतल्या यंत्राचे?

या खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें. चार पायांवर उभें असलेलें एक लांबट मेज. त्यांत कांचेखालीं एक रंगीत फळी, खेळाडूच्या बाजूला उतरती. स्प्रिंगचा दट्ट्या ओढून सोडला कीं सुमारें २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम म्हणजे जवळजवळ सात तोळे वजनाची पोलादी गोळी फळीच्या माथ्याकडे धांव घेते. तेथून उतारानें खालीं येतांना ती खुंट्यांवर, रबरी कड्यांवर आणि विजेनें उसळी देणाऱ्या बंपरांवर आपटत येते व त्या त्या आघाताबरोबर गुण वाढत जातात. फळीच्या तळाशीं मध्यभागीं एक मोकळी वाट असते. तींत गोळी शिरली कीं ती गेली. ती जाऊं नये म्हणून त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन आंखूड दांड्या बसविलेल्या असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. मेजाच्या कडेची कळ बोटानें दाबली कीं फ्लिपर उसळतो व गोळीला पुन्हां वर पिटाळतो. एका डावांत हल्लीं बहुधा तीन गोळ्या मिळतात. तिन्ही गमावीपर्यंत जितके गुण जमतील तितके खेळाडूच्या नांवावर.

या खेळाचें मूळ फ्रान्सच्या दरबारी जीवनांत सांपडतें. सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ काउंट आर्त्वा यानें १७७७ सालीं राणी मारी आंत्वानेत हिच्याशीं पैज मारून अवघ्या ६४ दिवसांत ‘बागातेल’ नांवाचा एक विलासी वाडा उभारला. बिलियर्डचें मेज आंखूड करून त्यावर खुंट्या व भोंकें ठेवण्याचा जो खेळ त्या सुमारास सरदारमंडळींत निघाला, त्याला या वाड्यावरूनच ‘बगाटेल’ हें नांव पडलें अशी परंपरा आहे. भारतांतहि खिळे ठोकलेली बगाटेलची फळी मुलांच्या खेळण्यांत परिचित आहे. पुढें अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रजानें १८७१ सालीं या खेळांतील सुधारणांचें पेटंट घेतलें. चेंडू ढकलण्याच्या काठीऐवजीं स्प्रिंगचा दट्ट्या आला तो या पेटंटांतून.

त्यानंतर साठ वर्षांनीं, १९३१ सालीं, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यानें ‘बॅफल बॉल’ नांवाचें एक छोटें यंत्र साडेसतरा डॉलरांना विकण्यास काढलें. तो काळ महामंदीचा होता. काम गेलेल्या माणसाला एका सेंटांत घटकाभर करमणूक मिळे आणि दुकानदाराला यंत्राची किंमत लवकरच वसूल होई. पन्नास हजारांहून अधिक यंत्रें खपलीं. परंतु या यंत्रांना फ्लिपर नव्हते. एकदां दट्ट्या सोडला कीं खेळाडूच्या हातीं मेज हालविण्यापलीकडे कांहीं उरत नसे. आणि लोक तें मनमुराद हालवूं लागले. तेव्हां हॅरी विल्यम्स या कल्पक रचनाकारानें, मेज प्रमाणाबाहेर हाललें कीं डाव थांबविणारी युक्ति शोधून काढली. तिला ‘टिल्ट’ म्हणतात. आरंभीं ती उंचवट्यावर ठेवलेली एक लहानशी गोळी होती. पुढें तिची जागा कड्यांत लोंबणाऱ्या लंबकानें घेतली. लंबक कड्याला टेकला कीं गोळी गेली. हा लंबक किंचित् वरखालीं केला तर तेंच यंत्र सोशिक होतें किंवा तापट होतें. न्यायाचें यंत्र म्हणून जें बसविलें, त्याचाहि एक स्क्रू अशा रीतीनें मालकाच्या हातीं राहिला, ही गोष्ट पुढच्या कथेंत लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

त्याच दशकांत कांहीं यंत्रें विजेत्याला थेट नाणीं देऊं लागलीं आणि करमणुकीचें हें मेज जुगाराच्या शेजारीं जाऊन बसलें. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या दृष्टीनें तर तें शाळकरी मुलांच्या खिशांतले पैसे लुबाडणारें साधन होतें. १९४२ च्या जानेवारींत त्या शहरांत पिनबॉलवर बंदी आली. पोलिसांनीं छापे घालून यंत्रें जप्त केलीं. महापौर स्वतः हातीं घण घेऊन तीं फोडीत असल्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. लॉस एंजेलिस, शिकागो वगैरे इतर मोठ्या शहरांतहि अशाच बंद्या होत्या. त्यांच्यामागचा युक्तिवाद सरळ होता. गोळी कोठें जावी हें खेळाडू ठरवीत नाहीं, यंत्र ठरवितें. आणि जेथें कसब नाहीं तेथें लागलेला पैसा हा जुगारच होय. त्या काळच्या फ्लिपरविरहित यंत्रांकडे पाहतां हा आरोप अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं.

परंतु कायद्यानें निकाल दिल्यावर खेळच बदलला. १९४७ सालीं गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत हॅरी मॅब्ज यांनीं सहा फ्लिपर बसविले. दुसऱ्याच वर्षीं स्टीव्ह कोर्डेक यांनीं ‘ट्रिपल ॲक्शन’ या यंत्रांत ते दोनच ठेवले व फळीच्या तळाशीं आणले. आजहि तीच मांडणी रूढ आहे. आतां गोळी थोपवितां येऊं लागली, झेलतां येऊं लागली, नेमकी वेळ साधून हव्या त्या ठिकाणीं मारतां येऊं लागली. तरीहि बंद्या उठण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें लॉस एंजेलिसची बंदी रद्द केली ती १९७४ सालीं. यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे कीं दैवावर, ही कसोटी केवळ अमेरिकेचीच नव्हे. मुंबई राज्यांतील बक्षिसी शब्दकोड्यांवरून निघालेल्या चमारबागवाला खटल्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९५७ सालीं कौशल्याची स्पर्धा आणि जुगार यांच्यांत याच ठिकाणीं रेषा ओढली.

न्यूयॉर्कची बंदी उठली तो प्रसंग या कथेचा मध्यबिंदु आहे. १९७६ च्या एप्रिलमध्यें नगरसभेच्या समितीपुढें या प्रश्नाची सुनावणी झाली. पिनबॉल हा कौशल्याचा खेळ आहे हें दाखविण्यासाठीं रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला पाचारण करण्यांत आलें. दालनांत दोन यंत्रें आणलीं होतीं. एक खेळण्यासाठीं आणि दुसरें, पहिलें बिघडलें तर असावें म्हणून. समितीला संशय आला कीं पहिल्या यंत्रांत कांहीं करामत केलेली असेल. तिनें दुसऱ्याच यंत्रावर खेळण्यास सांगितलें. शार्प त्यावर खेळूं लागले. परंतु सदस्यांचें मन वळत नव्हतें. तेव्हां त्यांनीं दट्ट्याला हात घालून आधींच सांगितलें कीं, आतां गोळी माथ्यावरच्या वाटांपैकीं मधल्या वाटेनें खालीं येईल. दट्ट्या सुटला आणि गोळी मधल्याच वाटेनें आली. बंदी उठविण्याच्या बाजूनें समितीचा कौल पडला. पुढें स्वतः शार्प यांनींच त्या एका फेंकींत दैवाचा वांटा मोठा होता हें मोकळ्या मनानें कबूल केलें.

या प्रसंगांत समितीच्या संशयाकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. परंतु तो संशयच फार बोलका आहे. यंत्र बदललें कीं खेळ बदलतो, हें त्या सदस्यांनीं खेळ न खेळतांहि ओळखलें होतें. कौशल्य खरें असेल तर तें दुसऱ्या यंत्रावरहि दिसलें पाहिजे, ही त्यांची अपेक्षाहि रास्त होती. मात्र तेथें एकच खेळाडू होता. एकाच वेळीं दोन खेळाडू दोन निरनिराळ्या यंत्रांवर उभे करून त्यांची तुलना करण्याचा प्रसंग त्या दालनांत आला नाहीं. तो पुढें यावयाचा होता.

दोन यंत्रांत इतकें अंतर पडतें तरी कसें? एकाच कारखान्यांतून, एकाच नमुन्याचीं, एकाच दिवशीं निघालेलीं दोन यंत्रें घेतलीं तरी हळूहळू त्यांच्या प्रकृति निराळ्या होतात. पहिली गोष्ट उताराची. हल्लींच्या यंत्रांची फळी साधारण साडेसहा अंश कललेली असावी असा संकेत आहे. हा कल साडेसात अंश केला तर गोळीला खालीं खेंचणारा जोर सुमारें १५ टक्क्यांनीं वाढतो. आणि ४२ इंच लांबीच्या फळीवर एक अंश म्हणजे अवघा पाऊण इंच चढ. मागच्या पायांखालचे स्क्रू थोडे फिरविले कीं काम झालें. घराची जमीन एका बाजूला किंचित् उतरती असली तर गोळी त्या बाजूला ओढ घेते. त्यानंतर रबरी कडीं: नवीं असतांना तीं गोळीला उसळवून देतात, जुनीं झालीं कीं सुस्तावतात. फ्लिपरांना वीज किती दाबानें मिळते यावर त्यांचा फटका अवलंबून असतो. फळीला मेण लावलें आहे कीं तिच्यावर धूळ बसली आहे, गोळी चकचकीत आहे कीं तिला ओरखडे पडले आहेत, यानेंहि फरक पडतो. पावडर टाकलेल्या आणि न टाकलेल्या कॅरमबोर्डावर खेळलेल्या माणसाला ही गोष्ट फोडून सांगावयास नको.

हे फरक झिजेचे व परिस्थितीचे. याशिवाय मालकानें जाणूनबुजून ठरवावयाच्या गोष्टी निराळ्याच. फळीच्या दोन्ही कडांना गोळी निसटून जाण्याच्या ज्या वाटा असतात, त्यांच्या तोंडाशीं असलेली खुंटी पुष्कळ यंत्रांत दोनतीन भोंकांपैकीं कोणत्याहि एकांत बसवितां येते. एका भोंकानें वाट अरुंद होते, दुसऱ्यानें रुंद. डावाला गोळ्या तीन द्यावयाच्या कीं पांच, टिल्टपूर्वीं इशारे किती द्यावयाचे, जादा गोळी किती सहज मिळावी, हें सर्व मालकाच्या इच्छेवर असतें. यंत्रायंत्रांतील हें अंतर कारखानदारांनाहि ठाऊक होतें, याचा सुंदर पुरावा १९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’ या यंत्रांत मिळतो. पॅट लॉलर व लॅरी डीमार यांनीं रचलेल्या या यंत्राच्या २०,२७० प्रती निघाल्या. त्यांत एका ठिकाणीं यंत्र स्वतःच फ्लिपर चालवून नेम साधतें. परंतु तो फ्लिपर नेमक्या कोणत्या क्षणीं उसळावा, हें कारखान्यांत कायमचें ठरवून दिलेलें नाहीं. प्रत्येक यंत्र आपल्या चुकलेल्या व साधलेल्या फटक्यांवरून आपली वेळ आपणच दुरुस्त करीत जातें. एकाचा क्षण दुसऱ्याला लागू पडत नाहीं हें रचनाकारांनीं गृहीतच धरलें होतें.

मग स्पर्धा कशा होत आल्या? १९९१ सालीं न्यूयॉर्क येथें शार्प व स्टीव्ह एप्स्टाइन यांच्या पुढाकारानें व्यावसायिक व हौशी पिनबॉल संघाच्या स्पर्धा सुरू झाल्या. २००६ पासून आंतरराष्ट्रीय फ्लिपर पिनबॉल संघ जगांतील खेळाडूंची क्रमवारी लावूं लागला. या स्पर्धांनीं यंत्रें समान करण्याचा खटाटोप केला नाहीं. तो होण्यासारखाहि नव्हता. त्यांनीं निराळीच वाट धरली. यंत्र कसेंहि असो, प्रतिस्पर्ध्यांनीं एकाच यंत्रापुढें पाळीपाळीनें उभें राहावें. पिट्सबर्ग येथें ‘पिनबर्ग’ नांवाची जी मोठी स्पर्धा भरत असे, तींत चारचार खेळाडूंचे गट करीत. चौघे एकाच यंत्रावर खेळत आणि गुण किती झाले याला महत्त्व न देतां क्रम कोणता लागला तेवढेंच पाहत. पहिल्याच्या नांवावर तीन विजय, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याचा एक, चौथ्याचा एकहि नाहीं. जुन्या यंत्रावर हजारांत आणि नव्यावर कोट्यवधींत मोजल्या जाणाऱ्या गुणांची बेरीज करण्याचा अडाणीपणा त्यामुळें टळला. किरकोळ बिघाड हा खेळाचाच भाग समजावा, मोठ्या बिघाडानें गोळी गेली तरच भरपाई द्यावी, असाहि नियम या स्पर्धांत रुळला. यंत्राचा दोष चौघांनीं सारखाच सोसला तर तो अन्याय उरत नाहीं, हें त्या नियमाचें मर्म होय.

आतां अंतराचा प्रश्न घ्यावा. दूरस्थ सामने हें कांहीं इंटरनेटचें अपत्य नव्हे. १८४४ सालीं वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांच्यामध्यें तारायंत्रावरून बुद्धिबळाचे डाव झाले होते. १९४५ च्या सप्टेंबरांत तर अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्या दहादहा खेळाडूंत रेडिओवरून सामना होऊन रशियानें साडेपंधरा विरुद्ध साडेचार असा विजय मिळविला. त्या निकालावर कोणीहि असें म्हटलें नाहीं कीं, मॉस्कोचा पट न्यूयॉर्कच्या पटाहून सोपा होता. बुद्धिबळांत पट हें केवळ चिन्ह आहे. डाव मनांत चालतो. पिनबॉलमध्यें मात्र यंत्र हेंच मैदान आणि यंत्र हाच अर्धा प्रतिस्पर्धी.

२०२० सालच्या महामारींत हें अंतर एकाएकीं जाणवलें. खेळाडूंनीं एकत्र जमणें अशक्य झालें आणि आंतरराष्ट्रीय संघानेंहि आपल्या क्रमवारीच्या स्पर्धा स्थगित केल्या. ज्यांच्या घरीं यंत्र होतें ते घरींच खेळत राहिले आणि आपला खेळ इंटरनेटवरून इतरांना दाखवूं लागले. २०२१ सालीं स्टर्न या शिकागोजवळच्या कंपनीनें खेळाडूचें नांव व गुण इंटरनेटवरून नोंदविणारी व्यवस्था आपल्या यंत्रांत आणली. तेव्हांपासून कोठल्याशा उपाहारगृहांतलें यंत्र आणि कोणाच्या तरी तळघरांतलें यंत्र यांचे आंकडे एकाच पाटीवर शेजारीं शेजारीं दिसूं लागले. यांतला आनंद खरा आहे. एकट्यानें खेळणाऱ्याला सोबत मिळाली, आणि दूर गांवच्या माणसाला जगाशीं दोन हात करण्याची संधि लाभली. परंतु ज्या एका आधारावर या खेळांतला न्याय उभा होता, तो आधारच, म्हणजे सर्वांचें एक यंत्र, येथें निघून गेला.

त्याचा परिणाम केवढा होतो हें साध्या हिशेबानें कळतें. समजा, एका घरच्या यंत्रावर खालीं आलेली गोळी सरासरी दहा वेळांतून एकदां निसटते आणि दुसऱ्या घरच्या यंत्रावर, कडेची वाट जरा रुंद असल्यामुळें, आठ वेळांतून एकदां. खेळाडू तोच धरला तरी पहिल्या यंत्रावर त्याची गोळी चतुर्थांशानें जास्त टिकेल. शिवाय आधुनिक यंत्रांत एक काम पुरें केलें कीं पुढच्या कामाचे गुण वाढतात. त्यामुळें टिकण्यांतला चतुर्थांश हा गुणांत पुष्कळदां त्याहून मोठा होऊन उतरतो. येथें कोणी लबाडी केलेली नाहीं. एका खुंटीनें दोन भोंकांपैकीं एक निवडलें, इतकेंच.

इतर खेळांनीं अशा अडचणींतून वाट काढलेली आहे. शंभर मीटरच्या धांवेंत पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरांहून जोराचा असेल तर विक्रम मान्य होत नाहीं. गोल्फमध्यें प्रशिक्षित पाहणीदार मैदानावर जाऊन त्याच्या अडचणीचा आंकडा ठरवितात आणि खेळाडूच्या गुणांतून तो हिशेबांत घेतला जातो. २०२० पासून जगभर त्यासाठीं एकच पद्धति सुरू झाली आहे. मग पिनबॉलच्या यंत्रालाहि असा आंकडा कां असूं नये? उतार मोजावा, खुंट्यांचीं भोंकें ठरवून द्यावींत, गोळ्या तीनच ठेवाव्यात. एवढें केल्यानें अन्याय कमी होईल यांत शंका नाहीं. परंतु रबराचें वय, फळीची झीज व फ्लिपरांचा जोर पट्टीनें मोजतां येत नाहीं. शिवाय गोल्फचें मैदान रातोरात बदलत नाहीं. यंत्र तर एका संध्याकाळच्या साफसफाईनें बदलतें.

यंत्रालाच आपली अवघडता मोजावयास लावावें, असा एक उपाय सुचतो आणि त्याचें बीज जुनें आहे. स्टीव्ह रिची यांच्या १९८६ च्या ‘हाय स्पीड’ या यंत्रांत फुकट डावासाठीं लागणारे गुण यंत्र स्वतःच ठरवी. लोकांना किती गुण पडतात याची नोंद ठेवून, ठराविक प्रमाणांतच फुकट डाव मिळावेत अशा बेतानें तें ती मर्यादा वरखालीं करी. सार्वजनिक जागीं ही योजना चोख चालते, कारण तेथें शेंकडों अनोळखी हात येऊन जातात व त्यांची सरासरी लागते. घरांतल्या यंत्रावर मात्र खेळतात ते दोनतीनच. तेथील सरासरी मोठी आली तर यंत्र सोपें आहे कीं घरचीं माणसें पटाईत आहेत, हें यंत्राला कळणार कसें? दोन अज्ञातें आणि एकच समीकरण, अशी ही स्थिति आहे. यंत्र आपल्या नोंदींतून कितीहि गणित करो, तेवढ्यावरून तीं अज्ञातें वेगळीं निघणार नाहींत.

दुसरें समीकरण मिळण्याचा मार्ग एकच आहे: तोच खेळाडू दोन्ही यंत्रांवर खेळला पाहिजे. एका घरच्यानें दुसऱ्याच्या घरीं जावें, दुसऱ्यानें पहिल्याकडे यावें, किंवा तिसऱ्या कोणीं दोन्हीकडे फिरून आपले गुण ठेवावेत. असे दुवे पुरेसे जमले तर दूरच्या यंत्रांचीहि तुलना हळूहळू होऊं शकेल. म्हणजे अंतर मिटविणाऱ्या साधनालाहि शेवटीं माणसाच्या जाण्यायेण्याचाच आधार लागतो. ज्यांना तें शक्य नाहीं त्यांच्यासाठीं दोन वाटा मोकळ्या आहेत. पडद्यावरच्या चित्ररूप पिनबॉलमध्यें प्रत्येकाला तंतोतंत एकच मेज मिळतें. तेथें समता आहे, पण सात तोळ्यांच्या गोळीचा थरार नाहीं. नाहीं तर प्रत्येकानें आपल्याच यंत्रावरच्या आपल्याच मागील गुणांशीं झुंजावें आणि कोणी किती प्रगति केली एवढेंच ताडून पाहावें. त्यांतहि मेज मध्यंतरीं बदललेलें नसावें, ही अट राहतेच.

एवढी चिकित्सा एका खेळासाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. मित्रांच्या गमतीसाठीं जी पाटी असते तिला खरोखर या काट्याची गरज नाहीं. परंतु पाटीवर बक्षीस लागलें, विजेतेपद लागलें, कीं प्रकरण पालटतें. कारण मग जो खेळाडू सरावासाठीं आपलें यंत्र मुद्दाम कठीण ठेवतो तो खालीं राहतो, आणि ज्याच्या घरचें यंत्र मवाळ तो वर जातो. वर जाण्याचा सोपा मार्ग हात सुधारणें हा न राहतां खुंटी सरकविणें हा होतो. तसें झालें तर गोळी कोठें जाईल हें खेळाडू नव्हे, यंत्र ठरवितें, हा ला गार्डियांचा १९४२ चा आरोप, जो फ्लिपरांनीं आणि शार्प यांच्यासारख्यांनीं खोटा पाडला, तो खेळाडूंच्याच हातून पुन्हां खरा ठरेल.

म्हणून जोडलेल्या घरगुती यंत्रांच्या पाटीनें आपलें नांव प्रामाणिकपणें सांगावें. ती ओळखीची, सरावाची व हौसेची यादी आहे. कोणता खेळाडू श्रेष्ठ याचा निवाडा नव्हे. तो निवाडा हवा असेल तर जुनी रीतच खरी: दोघांनीं एका छपराखालीं यावें, मग यंत्र नवें असो वा झिजलेलें, सरळ असो वा कललेलें, आणि एकानें खेळून बाजूला झाल्यावर दुसऱ्यानें त्याच दट्ट्याला हात घालावा.